गॉगलमधली अक्का

आधीच सांगून टाकते, मी सातारला रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. जे रिपोर्टमध्ये उमटत नाही ते माझ्या लेखी नसतंच. या गूढ अनुभवांच्या सदरात लोक जे काय काय लिहितात ते मी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवते आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. त्यात पांढऱ्या साडीतली बाई आली की नवरा म्हणतो, "आली बघ, हिच्याशिवाय पान हलत नाही." तर आता मीच पांढऱ्या साडीतल्या बाईचं लिहायला बसले आहे. हसा खुशाल. फक्त शेवटपर्यंत वाचा, एवढंच.

आमचं माहेर सांगलीजवळ, आष्ट्याच्या रस्त्यावरून आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, दादा आणि वहिनी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आणि अक्का... अक्का आमच्यात नाही असं म्हणावं लागतं. ती आहे, पण आमची नाही. आम्ही जैन. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेल्या माझ्या अक्कानं दीक्षा घेतली आणि ती आर्यिका झाली. एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, पायी विहार, दिवसातून एकदाच आहार आणि तोही ओंजळीत. त्या दिवसापासून ती कुणाची लेक नाही, कुणाची बहीण नाही. मी तिला वाकून "वंदामि माताजी" म्हणायचं आणि तिनं मला आशीर्वाद द्यायचा. माझ्या वेण्या घालणाऱ्या, माझ्या ताटातली भाकरी पळवणाऱ्या बाईला! लोक म्हणायचे, केवढं पुण्य तुमच्या घराचं. मला मात्र आतून राग यायचा, अजूनही येतो. ती कर्नाटकात निघून गेली आणि सात वर्षं इकडं फिरकली नाही. त्या संघात फोन चालत नाही.

त्यानंतर काही काळानं अण्णांना पार्किन्सन्स झाला. हात थरथरायचा तो थरथरायचाच, पण त्याहून वाईट म्हणजे पाय चिकटायचे. चालता चालता मध्येच जमिनीला खिळल्यासारखे. दाराच्या उंबऱ्यात आणि वळताना तर हमखास. पुढं जायचं असतं, माणूस पुढं झुकतो, पाय काही उचलत नाहीत आणि मग पडणं.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, गोळ्या तिथल्याच चालू होत्या. पण माझ्या लॅबच्या वरच्या मजल्यावर ज्या फिजिओथेरपीच्या मॅडम आहेत त्यांनी व्हीआरचं नवीन मशीन आणलं. डोळ्यांवर मोठा गॉगल चढवायचा. आत रस्ता दिसतो, दारं दिसतात, पाण्याची डबकी, वळणं. पेशंट प्रत्यक्षात रिकाम्या हॉलमध्ये चालत असतो, मॅडम कमरेचा पट्टा धरून सोबत असतात. पाय अडकला की त्या कॉम्प्युटरवरून आतल्या रस्त्यावर पिवळी रेघ टाकतात. रेघ दिसली की ती ओलांडायला पाय उचलतो. का उचलतो ते मॅडमनी मला समजावलं होतं, मेंदूचा कुठला तरी दुसरा मार्ग जागा होतो म्हणे. मला पटलं. हे रिपोर्टमध्ये येणारं होतं.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दिवाळीनंतर चातुर्मास संपवून संघ निघालाय आणि थंडीत आपल्या गावात मुक्काम आहे. माताजी येणार!

अण्णांनी त्याच दिवशी मला सांगितलं, "मला पडगाहन करायचं हाय. माझ्या पायानं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साधू-साध्वी आहाराला निघतात तेव्हा ज्याला आपल्या घरी आहार व्हावा असं वाटतं तो दारात कलश, नारळ, फळं घेऊन उभा राहतो आणि "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ", म्हणजे इथं थांबा, असं म्हणून बोलावतो. याला पडगाहन म्हणतात. त्या थांबल्या तर त्यांच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालायच्या आणि त्यांना आत चौक्यात, म्हणजे शुद्ध स्वयंपाकघरात, न्यायचं. म्हणजे बघा... गोल वळायचं तीनदा आणि उंबरा ओलांडायचा. अण्णांचे पाय जिथं जिथं चिकटायचे नेमक्या त्याच जागा. जणू कुणी बेतूनच ठेवलेल्या.

आणि त्या कुठं थांबतील हे कुणालाच माहीत नसतं. निघताना त्या मनातल्या मनात एक नियम धरतात, आम्ही त्याला विधी म्हणतो. आज नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तरच, आज ऊस हातात असलेला माणूस दिसला तरच. तो कुणालाही सांगत नाहीत. विधी जुळला नाही तर उपाशी परत.

मी अण्णांना सातारला घेऊन आले.

पहिले काही दिवस नुसती करमणूक होती. आतला रस्ता कुठल्या तरी परदेशातला, दोन्ही बाजूंना रंगीत दारं. अण्णा गॉगल लावायच्या आधी चपला काढायचे. डबकं आलं की थांबायचे. मॅडमना वाटलं पाय अडकला. अण्णा म्हणाले, "अडकला न्हाई. पाण्यात जीव असत्यात. वळसा घालून जातो की." मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, घालू दे वळसा, वळणंच शिकवायचंय ना.

मग एक दिवस ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"काय झालं काका?" मॅडम म्हणाल्या.

"माताजी आल्यात."

मी पडद्याकडं पाहिलं. पेशंटला जे दिसतं ते तिथल्या स्क्रीनवर आम्हालाही दिसतं. रस्ता मोकळा होता. त्या प्रोग्रॅममध्ये माणसंच नाहीत, मॅडमनी खात्रीनं सांगितलं.

"कुठं आहेत?" मी विचारलं.

"त्या निळ्या दारापाशी. आहाराला निघाल्यात, हात खांद्यावर हाय." आहाराला जाताना उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्याला लावतात, तसं. "पोरी, पदी लय वाळली गं."

पदी. पद्मा. दीक्षा झाल्यापासून अण्णांनी तिचं हे नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

त्यांनी गॉगल काढला. खाली उतरताना एवढंच म्हणाले, "तिचा हात हालतोय. पिंछीचा. माझ्यासारखा."

आता, या आजारात भास होतात हे मला माहीत आहे. गोळ्यांनीही होतात. मॅडमनी मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक गोळी कमी केली. घरी, रस्त्यात, देवळात अण्णांना कधीच काही दिसलं नाही. फक्त त्या गॉगलमध्ये, त्या परदेशी रस्त्यावर. आणि दरवेळी तेच. ती येते, एकेक दार बघत येते, अण्णांच्या हाताकडं बघते आणि पुढं निघून जाते. थांबत नाही.

"विधी जुळंना," अण्णा म्हणायचे.

मग त्यांनी काय करावं? ते सेशनला नारळ घेऊन आले. मॅडम म्हणाल्या, चालू दे, हातात वस्तू घेऊन चालणं हाही व्यायामच आहे. दुसऱ्या वेळी तांब्या. मग केळी. मग मला मंडईत पाठवून ऊस आणायला लावला. सातारच्या एका स्वच्छ, एसी लावलेल्या हॉलमध्ये डोळ्यांवर डबडं चढवलेला, धोतर नेसलेला म्हातारा हातात उसाचं कांडं धरून "तिष्ठ तिष्ठ" म्हणतोय... मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. प्रत्येक वेळी वस्तू खाली पडायची. प्रत्येक वेळी ती पुढं जायची. अण्णा हिरमुसून खुर्चीत बसायचे. शाळेत नाव न पुकारलेल्या पोरासारखे दिसायचे अगदी.

एकदा नारळ त्यांच्याच पायावर पडला. मॅडम वैतागल्या. म्हणाल्या, "काका, बास. आजपासून हातात काही नाही. रिकाम्या हातानं चालायचं."

त्या दिवशी जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलं. अण्णा चालत निघाले. मध्येच थांबले. त्यांचा चेहरा गॉगलमुळं अर्धाच दिसत होता, पण ओठ थरथरायला लागले. "थांबल्या," ते म्हणाले. आणि ते वळायला लागले. एका जागेभोवती गोल. मॅडम पट्टा धरून त्यांच्यामागं. पडद्यावर रंगीत दारं गरगर फिरत होती, पण मधोमध फक्त मोकळा रस्ता, तेवढाच एक तुकडा, आणि अण्णांची नजर त्यावरून तसूभरही हलत नव्हती. एक फेरी, दुसरी, तिसरी. पाय एकदाही चिकटला नाही. एकही पिवळी रेघ टाकावी लागली नाही.

"रिकाम्या हातानं उभं ऱ्हायाचं," अण्णा म्हणाले. "आता कळलं."

संघ गावात आला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोहोचलो. वहिनीनं चौका लख्ख सारवून-पुसून ठेवलेला. अण्णांचा बेत ऐकून ती हबकलीच.

"आवं वन्सं, रिकाम्या हातानं कुणी पडगाहनाला उभं ऱ्हातंय व्हय? लोकं तोंडात शेण घालतील. आन् मामंजींच्या हाताचं तर... ओंजळीवर भांडं आदळलं, ओंजळ सुटली, तर तिथंच आहार संपला. दिवसभर उपास घडायचा माताजींना. ते पाप कुणाच्या डोक्यावर?"

तिचंही चूक नव्हतं. दादानं मधला मार्ग काढला. तो कलश घेऊन पुढं उभा राहील, अण्णा मागं दारात.

"तुमाला तिला थांबवायचं हाय का मिरवायचं हाय?" अण्णा म्हणाले. पण दादापुढं त्यांचं चाललं नाही.

पहिल्या दिवशी माताजी आमच्या गल्लीत आल्याच नाहीत. विधी जुळला नाही म्हणून बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, उपाशीच परतल्या. मी लांबून पाहिलं. अक्का खरंच वाळली होती. गालफडं बसलेली, पावलं आखूड. आणि हातात पिंछी धरलेली असताना अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखं फिरत होतं. माझ्या शेजारची बाई हात जोडून म्हणाली, "बघा, माळ नसली तरी बोटं थांबत न्हाईत. अखंड जप चाललेला असतोय माताजींचा." सगळ्या बायकांनी हात जोडले. मीही जोडले. मला खरंच काही सुचलं नाही, देवाशपथ. रोज घरात तीच हालचाल बघत असूनही.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या गल्लीत आल्या. दारोदार कलश, नारळ, फळांची ताटं, जोडपी. "वंदामि, वंदामि, अत्र, अत्र..." सगळी गल्ली घुमत होती. आमच्या दारासमोर आल्या. दादाच्या कलशाकडं पाहिलं आणि पुढं गेल्या. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळल्या. आता परत बस्तीत, म्हणजे लागोपाठ दुसरा उपास. वहिनी रडायला लागली.

"बाजूला व्हा," अण्णा म्हणाले.

त्यांनी दादाला हातानं बाजूला सारलं, काठी मला दिली आणि पायरी उतरून एकटेच पुढं उभे राहिले. दोन्ही हात पुढं, रिकामे, थरथरणारे. तोंडातून आवाज नीट निघत नव्हता, "तिष्ठ, तिष्ठ," एवढंच कसंबसं.

अक्का आली. तिनं अण्णांच्या हातांकडं पाहिलं, आणि ती थांबली.

अण्णा वळायला लागले. एक, दोन, तीन. सातारच्या हॉलमध्ये वळले होते तसेच, मधल्या जागेवर नजर ठेवून. फक्त आता ती जागा रिकामी नव्हती. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय किंचित घुटमळले, मी मागून पुटपुटले, "अण्णा, रेघ," आणि पाय उचलला. माझी अक्का सात वर्षांनी स्वतःच्या घरात आली, पाहुणी म्हणून सुद्धा नाही.

ती पाटावर बसली, ओंजळ जुळवली. वहिनीनं भात, मग डाळ दिली. शेवटी सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. पळीभर पाणी, तेवढंच द्या, दादा म्हणाला. अण्णांनी पळी उचलली. पळी थरथरत होती, पाणी काठावर नाचत होतं, आणि मी डोळे मिटायच्या बेतात होते. तेवढ्यात पाहिलं तर अक्काची ओंजळ हलत होती. पळी डावीकडं गेली की ओंजळ डावीकडं, पळी उजवीकडं की ओंजळ उजवीकडं. दोघांचं अगदी एका तालात. एक थेंब खाली पडला नाही. वहिनी पदर तोंडात कोंबून रडत होती. म्हणाली, "बघा की, कशी माया... म्हाताऱ्याचा मान राखला माताजींनी."

अण्णा पळी ठेवून मागं सरले.

ओंजळ तरीही हलत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वळून पाहिलं तर अण्णा भिंतीला टेकून उभे होते, गालांवरून पाणी वाहत होतं. "जप न्हाई त्यो," ते हळूच मला म्हणाले. "माझाच रोग हाय. कवाचं सांगतोय तुला."

सांगत होतेच. पहिल्या दिवसापासून सांगत होते. आम्ही गोळी कमी केली.

दुपारी मी बस्तीत गेले. आणखी बायका होत्या, त्यातल्या एकीनं विचारलं, माताजी, आजचा विधी काय होता? अक्का म्हणाली, "रिकामे हात." मग थोडं थांबून, खाली बघत, "हातातून कमंडलू सुटायला लागला, तेव्हा फार दुःख करत होते. मग मनात आलं, ज्यानं काहीच धरलेलं नाही त्याच्याच दारात थांबायचं. कालपासूनचा हाच नियम होता."

कालपासूनचा. अण्णांना तो सातारमध्ये आधीच माहीत झाला होता.

बायका गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. गॉगल, परदेशी रस्ता, निळं दार, नारळ, ऊस. तिनं मान खाली घालून ऐकलं. मी म्हटलं, यावर औषध असतं, आहाराच्या वेळी घेता येईल, मी स्वतः आणून देते. ती म्हणाली, "आचार्यांना विचारीन." मला तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं. मला तिला म्हणायचं होतं, चल घरी, पुरे झालं आता. मी वाकून वंदामि म्हटलं. उठताना तिनं एकच प्रश्न विचारला, तोही दुसरीकडं बघत.

"त्यांना वळता येतं ना आता?"

मी मान डोलावली. ती जागा, तो क्षण अजून माझ्या छातीत तसाच आहे.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर संघ पुढं निघाला. गावातली माणसं ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. अण्णाही काठी टेकत आले. ओढ्यावर लहानसा पूल आहे, जिथं डांबर संपून सिमेंट लागतं तिथं उंबऱ्यासारखा आडवा सांधा आहे. पुढच्या माताजी पूल ओलांडून गेल्या. अक्का त्या सांध्यावर थांबली. लोकांना वाटलं गावाकडं शेवटची नजर टाकतेय. "वंदामि, वंदामि," सुरू झालं. तिचं अंग पुढं झुकलेलं होतं आणि पाय जागचे हलत नव्हते. मला कळलं. अख्ख्या गर्दीत आम्हा दोघांनाच कळलं. हात लावायचा नाही. पुरुषानं तर नाहीच नाही, बापानंसुद्धा नाही.

अण्णा गर्दीतून पुढं झाले. मॅडमनी त्यांना एक युक्ती शिकवली होती, गॉगल नसेल तेव्हाची. त्यांनी काठी उलटी केली. वाकडी मूठ खाली, जमिनीजवळ, अक्काच्या पावलांच्या पुढं, न शिवता, आडवी धरली. हात थरथरत होता तरी धरली.

"माताजी," अण्णा म्हणाले, "पाय अडला की घाबरायचं न्हाई. फुडं रेघ हाय असं समजायचं. आन् ती वलांडायची."

अक्कानं खाली पाहिलं. मग पाऊल चांगलं उंच उचललं, काठीवरून पलीकडं टाकलं आणि ती चालायला लागली. मागं वळून पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

काठी सरळ करायचंही भान अण्णांना नव्हतं. ती दिसेनाशी होईपर्यंत ते तसेच उलटी काठी धरून उभे होते.

अण्णा अजून सेशनला येतात. मॅडम विचारतात, काका, आज कोणी दिसलं का? ते नाही म्हणतात. आता त्या रस्त्यावर कुणी येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं, मॅडमना विचारलं, त्या मशीनच्या कंपनीलाही मेल टाकला. आजार बापाकडून लेकीकडं येऊ शकतो, एवढंच सगळे सांगतात. पण सातारच्या हॉलमध्ये बसलेल्या माणसाला तो आधी कसा कळला, आणि जो नियम तिनं अजून मनातही धरला नव्हता तो कसा कळला, याचं उत्तर कुणाकडंच नाही. मी विचारणंही सोडलंय.

परवा अण्णा गॉगल लावून चालताना त्या निळ्या दारापाशी उगाच थांबले. पाय अडला म्हणून मॅडमनी रेघ टाकली. अण्णा म्हणाले, "ही हितंच ऱ्हाऊ द्या. माझ्यासाठी नगं." आणि ते बाजूनं वळसा घालून गेले, रेघ तशीच रस्त्यावर ठेवून.